हेग लांब, हायकोर्ट जवळ

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो, एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याची ओढ आहे, पण कॉलेजची अभ्यासभेट म्हणजे दरवर्षी तुरुंग नाहीतर लोकअदालत. मुंबईत या विषयातलं प्रत्यक्ष काही पाहायला मिळेल का?

मिळेल, आणि फोर्टातच मिळेल. उच्च न्यायालयाच्या रोजच्या बोर्डावर ॲडमिरल्टीचा, म्हणजे जहाजांबाबतचा सागरी दावा कुठल्या कोर्टात लागलाय ते बघा आणि पास काढून मागच्या बाकावर जाऊन बसा. परदेशी जहाजाच्या मालकाने इंधनाचे किंवा खलाशांचे पैसे थकवले, तर त्याला शोधत पनामाला जावं लागत नाही. दावा थेट जहाजावरच लावता येतो. न्यायमूर्तींनी आदेश दिला की शेरीफच्या कचेरीमार्फत वॉरंट जहाजावर बजावलं जातं. मग पुरेशी हमी भरेपर्यंत जहाज हलत नाही. शेरीफ म्हणजे नुसतं समारंभापुरतं मानाचं पद, असं वाटणाऱ्यांनी हे पाहावंच.

पण कोरे जाऊ नका. 2017 चा ॲडमिरल्टी कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. त्यातली निदान 4 आणि 9 ही कलमं वाचा. दावा कशाकशासाठी लावता येतो ते चौथ्यात आहे. नवव्यात जहाजावरच्या विशेष हक्कांचा क्रम, म्हणजे कोणाचे पैसे आधी फेडायचे ते आहे, आणि त्यात खलाशांचा पगार सगळ्यात वर आहे. सोबत ‘एम. व्ही. एलिझाबेथ’चा 1992 चा निकाल वाचा. मुरगावहून माल घेऊन गेलेलं हे परदेशी जहाज पुढे विशाखापट्टणमला आलं आणि अटकेत पडलं. ब्रिटिश अमदानीतल्या कायद्यांत असा दावा बसतच नाही, असं मालकांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं, आणि ते करताना भारताने न स्वीकारलेल्या ब्रुसेल्सच्या करारांतल्या तत्त्वांचाही आधार घेतला. करारावर सही नसली तरी तो देशातल्या कोर्टात कसा शिरतो, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

दोघा-तिघांनी जा, बस भरून नको. कधी दहा मिनिटांत पुढची तारीख पडेल. तेही पाहण्यासारखंच असतं.

प्रश्न : आमच्याकडे एका वाणिज्य दूतावासातले अधिकारी व्याख्यानाला येणार आहेत. दरवेळी पाहुण्यांची गाडी व्हिसा आणि स्कॉलरशिपवर येऊन थांबते. त्यांना काय विचारावं? (विद्यार्थी प्रतिनिधी, चर्चगेट)

दोष पाहुण्यांचा नाही. निमंत्रणात ‘आंतरराष्ट्रीय कायदा : आव्हाने आणि संधी’ असा विषय दिला की भाषण तसंच होणार. विषय म्हणून एकच कलम द्या : वाणिज्य दूतसंबंधांच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36, म्हणजे परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क करू देण्याचं. कुलभूषण जाधव प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी पाकिस्तानला दोषी धरलं, ते याच कलमाच्या भंगासाठी. मग साधा प्रश्न विचारा : तुमच्या देशाचा माणूस मुंबईत पकडला गेला, तर तुम्हाला आधी कळवतं कोण, पोलीस की घरचे?

दुसरा प्रश्न आगीचा. या करारानुसार वाणिज्य दूतावासाला आग लागली, तर आत शिरायला प्रमुखाची संमती आहे असं गृहीत धरता येतं. दिल्लीतल्या राजदूतावासांना 1961 चा करार लागू होतो, त्यात ही सवलत नाही. असा फरक का ठेवला असेल, हे त्यांच्याच तोंडून ऐका. चालू प्रकरणांवर मात्र मत विचारू नका. उत्तर मिळणार नाही, वेळ तेवढा जाईल.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजची हेग-जिनिव्हा सहल निघतेय. खर्च आवाक्याबाहेर आहे. नाही पाठवलं तर ती मागे पडेल का? (पालक, मुलुंड)

नाही पडणार. त्या आठवड्यात सुनावणीच नसेल, तर आंतरराष्ट्रीय न्यायालय जिथे बसतं त्या हेगच्या शांतता प्रासादाची 1913 ची देखणी वास्तू पाहून मुलं परत येतील. सुनावण्या संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर घरबसल्या फुकट दिसतात. या न्यायालयाच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. सहलीच्या पैशातला थोडा भाग फ्रेंचच्या वर्गाला लावा.

प्रश्न : न्हावा शेवा बंदर पाहायला नेलं, पण फोटो काढू दिले नाहीत आणि निम्मा वेळ ओळखपत्रं तपासण्यात गेला. (प्राध्यापक, नवी मुंबई)

ती तपासणीसुद्धा भेटीचाच भाग समजा. जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची जी आंतरराष्ट्रीय संहिता 2004 पासून लागू आहे, तिच्यातूनच अशी बंधनं येतात. पुढच्या वेळी ती संहिता मुलांना आदल्या दिवशी वाचायला द्या.

प्रश्न : मी डहाणूची. आमच्या भागात यातलं काहीच नाही. शिवाय पाहुण्यांना इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हटलं की ततपप होतं.

इंग्रजीचं आधी. दोन ओळी कागदावर लिहा आणि सरळ वाचून दाखवा. पाहुणे मुंबईतले वकील किंवा निवृत्त न्यायमूर्ती असतील, तर बेलाशक मराठीत विचारा.

आणि तुमच्या भागात काही नाही म्हणता? सिल्वासा तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. 1954 मध्ये दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून गेल्या. दमणहून तिथे जायची वाट भारताने अडवली, अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल 1955 मध्ये हेगला गेला. भारताच्या वतीने तदर्थ, म्हणजे तेवढ्या खटल्यापुरते नेमलेले न्यायाधीश म्हणून तिथे बसले ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. 12 एप्रिल 1960 च्या निकालाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मानला. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नाकारला, आणि भारताने काही मोडलेलं नाही असंही सांगितलं. निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. तो मोबाईलवर उतरवून घ्या आणि वापीवरून दमण ते दादरा असा एकदा प्रवास करा. अंतर फार नाही, एका दिवसात परत याल.