फिलिपिन्सला येण्यापूर्वी 'बासुरेरो' हा शब्द शिकून या

आपण पत्नीसह केझॉन सिटीत राहायला येणार आहात आणि इंग्रजीवर भागेल की टागालोग शिकावीच लागेल, असे आपण विचारले आहे. कार्यालयात आणि बँकेत इंग्रजी पुरते. घराच्या दाराशी मात्र ती अपुरी पडते, आणि तेथे लागणाऱ्या शब्दांत मी 'बासुरेरो' सर्वांत आधी सांगेन.

बासुरेरो म्हणजे कचरा नेणारा माणूस. १५६५ ते १८९८ या काळात येथे स्पेनची सत्ता होती आणि त्या काळातील असंख्य शब्द घराघरांत रुजले. स्पॅनिशमध्ये हाच शब्द कचऱ्याच्या डब्याला आणि उकिरड्यालाही लावतात. येथे तो माणसापुरता राहिला, तर डब्यासाठी 'बासुरा' म्हणजे कचरा या शब्दाला देशी प्रत्यय लागून 'बासुराहान' तयार झाला. पोर्तुगीज 'मेस्त्रे' आपल्याकडे मेस्त्री होऊन घरचाच झाला, तसेच हे आहे. धुणे धुणारी लाबान्देरा, स्वयंपाकी कुसिनेरो आणि नळदुरुस्ती करणारा तुबेरो हे त्याच कुळातले शब्द आहेत. '-एरो' तर इतका मुरला आहे की 'बासाग' (फुटलेले) आणि 'उलो' (डोके) या देशी शब्दांना तो जोडून 'बासागुलेरो', म्हणजे भांडखोर, असा शब्द लोकांनी घडवला. मला हा शब्द फार आवडतो.

मात्र बासुरेरो हे कामाचे नाव आहे, हाक मारायचे नव्हे. हाक 'कुया' अशी मारावी. आपल्या 'दादा'सारखीच ती आहे.

ओला आणि सुका कचरा वेगळाच ठेवा. डब्यांवर 'नाबुबुलोक' (कुजणारा) आणि 'दी-नाबुबुलोक' (न कुजणारा) असे लिहिलेले असते. याच शहरातील पायातास येथे १० जुलै २००० रोजी कचऱ्याचा डोंगर वस्तीवर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली, आणि त्यानंतर जानेवारी २००१ मध्ये घनकचऱ्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या कायद्याने घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले असून, कुजणारा आणि पुन्हा वापरता येणारा कचरा गोळा करण्याची जबाबदारी बारांगायवर, म्हणजे आपल्या वॉर्डासारख्या सर्वांत लहान स्थानिक प्रशासनावर, टाकली आहे.

पहिल्याच महिन्यात मी फुटलेला पेला तसाच पिशवीत टाकला होता. पिशवी उचलताना कुयांचा अंगठा कापला. त्यांनी हातमोजा काढून रक्त पुसले आणि मला एकच शब्द सांगितला: 'बुबोग', म्हणजे काचेचे तुकडे. त्याची खंत मला आजही वाटते. तेव्हापासून मी काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळते, चिकटपट्टी लावते, वर ठळक अक्षरांत 'बुबोग' लिहिते आणि ते पुडके पिशवीत न टाकता थेट त्यांच्या हातात देते. आपणही पहिल्या दिवसापासून तसेच करावे.