आधी टीव्हीचा गेम मोड लाव

भाऊ, एक्सबॉक्स सिरीज एसवर डेव्हलपर मोड (बाहेरची ॲप टाकू देणारा मोड) घेऊन रेट्रोआर्क, म्हणजे जुने गेम चालवणारं ॲप, टाकलंस, छान केलंस. बटण दाबल्यावर मारिओची उडी उशिरा लागते म्हणतोस, तर आधी टीव्हीचा गेम मोड लाव, त्यानं टीव्हीचा उशीर कमी होतो. मग रन-अहेड, म्हणजे रेट्रोआर्कमधली गेमचा उशीर कमी करणारी सेटिंग, एका फ्रेमवर ठेव. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद, पण मारिओ तेवढ्यावरच खड्ड्यात जातो. चित्र ४:३ मध्येच ठेव. ताणलेला, जाडा मारिओ मला बघवत नाही.

नुसत्या सेव्ह स्टेटवर, म्हणजे रेट्रोआर्कनं त्या क्षणी जसाच्या तसा साठवलेल्या गेमवर, विसंबू नकोस. कोअर (रेट्रोआर्कमधला गेम चालवणारा भाग) अपडेट झाला की कधी कधी ते उघडतच नाही. गेममधलं सेव्हही करत जा.

आणि हो, नागपूरचा मे महिना! कन्सोल शोकेसच्या बंद कप्प्यात नको, कूलरच्या तोंडासमोर तर नकोच. त्या ओलाव्यानं माझ्या कंट्रोलरची बटणं चिकटायला लागली होती.