बँकॉकमध्ये मैत्रिणींसोबत एकच दिवस आहे. सगळं बघून होईल का?

तुम्ही लिहिलंय की पट्टायाहून पहाटे निघून बँकॉकला येणार, रात्री दीडचं विमान, बरोबर तीन मैत्रिणी आणि यादीत चौदा ठिकाणं. यादी वाचून हसू आलं, कारण आमचीही साधारण अशीच होती. आमची अकराची होती. झाली साडेतीन. त्या अर्ध्याचं पुढे सांगते.

आम्ही चौघी ठाण्याच्या, एकाच शाळेतल्या. एक बँकेत, एक चरईत पोळीभाजी केंद्र चालवते, मी शिकवते आणि चौथी हिशेबनीस. तिला त्या दिवसापासून आम्ही यादीबाई म्हणतो. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागत नव्हता आणि मुंबईहून विमानाचे जेमतेम साडेचार तास. मे महिन्यातल्या शनिवारी घोडबंदर रोडवरून अलिबागला पोचायला आम्हाला याहून जास्त वेळ लागलाय. बँकॉक जवळ आहे म्हणून ते एका दिवसात उरकेल, असं कुठंतरी डोक्यात बसलं होतं.

यादीबाईने प्रत्येक जागेला पाऊण तास आणि मधल्या प्रवासाला पंधरा मिनिटं धरली होती. कागदावर चोख हिशेब. फक्त त्यात चपला नव्हत्या. प्रत्येक देवळाच्या गाभाऱ्याबाहेर चपला काढा, पिशवीत घाला, आत जा, बाहेर या, पिशवी शोधा, बकल लावा. एकीचं पाणी संपलंय, एकीला बाथरूमला जायचंय, एकीला त्याच कमानीखाली परत फोटो हवाय कारण आधीच्यात डोळे मिटलेत. चौघी असल्या की हे सगळं गुणिले चार. म्हणून माझं एकच सांगणं आहे: जागा मोजू नका, चपला किती वेळा काढायच्या ते मोजा. तीनपेक्षा जास्त होत असतील तर यादी खोटी आहे.

आणि त्या तिन्ही एका रांगेत असू द्या. बँकॉकमध्ये ती रांग आयती मिळते, चाओ फ्राया नदी. ग्रँड पॅलेस हा जुना राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही दोन देवळं, तिन्ही नदीकाठी आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही हॉटेल मुद्दाम साफान टाक्सिन स्टेशनजवळ घेतलं होतं (त्या दिवसातला यादीबाईचा हा एक निर्णय अगदी बरोबर होता). स्कायट्रेनच्या, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या गाडीच्या, त्या स्टेशनाखालीच साथोर्न धक्का आहे. सामान हॉटेलच्या काउंटरपाशी ठेवलं आणि आठला धक्क्यावर गेलो.

तिथे पर्यटकांसाठी वेगळी, महागडी बोट असते आणि साधी, नारिंगी झेंड्याची असते. साधी घ्या. पंधरा-सोळा बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) कुठंही जा. गर्दी होती, पण ठाण्याहून सव्वाआठची फास्ट लोकल पकडणाऱ्या बाईला ती गर्दी म्हणजे काहीच नाही. बोटीत कंडक्टर बाई होती, हातात पत्र्याची लांबट नळी. तीतच सुट्टे पैसे, तीतच तिकिटांची गुंडाळी, आणि माणसांनी पैसे काढावेत म्हणून ती नळी खुळखुळ खुळखुळ वाजवत यायची. लहानपणी ठाण्याच्या टीएमटी बसमध्ये कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर चिमटा टकटक वाजवायचा, तसंच. मागे एक पोरगा शिट्ट्या मारून चालकाला सांगत होता की धक्का किती लांब आहे. एक लांब शिट्टी, दोन आखूड, मग दोर फेकला की उतरा, पटकन. बोट थांबते म्हणण्यापेक्षा धक्क्याला टेकून जाते म्हणायला हवं. पोळीभाजीवाली पहिल्यांदा उतरली आणि वळून म्हणाली, "लोकलमधून दिवा स्टेशनला उतरल्यासारखं वाटलं गं."

ता चांग धक्क्यावरून ग्रँड पॅलेसकडे चालत निघालो आणि तिथेच फसलो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, गोड बोलणारा एक माणूस आडवा आला. म्हणाला, आज बौद्ध सण आहे, परदेशी लोकांना पॅलेस दुपारी एकला उघडेल, तोवर चाळीस बाटमध्ये टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, तुम्हाला तीन देवळं दाखवून आणेल. ठाणे स्टेशनबाहेर मीटरवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालणाऱ्या आम्ही चौघी निमूट टुकटुकमध्ये बसलो. परक्या गावात माणूस उगाच सभ्य होतो. पहिलं देऊळ छोटंसं, छान होतं. दुसरं 'देऊळ' म्हणजे दागिने आणि खड्यांचं दुकान. मग एक शिंप्याचं दुकान, जिथे माझ्या नवऱ्यासाठी सूट शिवायचा आग्रह झाला, जो इथे लग्नकार्यातसुद्धा झब्ब्यावर भागवतो. या दुकानांकडून टुकटुकवाल्याला गिऱ्हाईक आणल्याबद्दल पेट्रोलची कूपनं मिळतात, हे नंतर कळलं. तिसऱ्या दुकानापाशी पोळीभाजीवाली उतरलीच नाही. "हा आपल्याला फिरवतोय. मागे घ्यायला सांग." दीड तास गेला. परत आलो तर पॅलेसचं फाटक सताड उघडं, रांग लागलेली.

राजघराण्याचा काही समारंभ नसेल तर पॅलेस रोज उघडा असतो. सकाळी साडेआठपासून, आणि तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या रात्री बघा आणि रस्त्यात कोणी 'बंद आहे' म्हणालं तर न थांबता पुढे चाला. तिकीट ५०० बाट, बँकॉकच्या मानाने पुष्कळ.

तिकिटाआधी कपड्यांची तपासणी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमची बँकवाली थ्री-फोर्थमध्ये होती, गुडघ्याच्या वर चार बोटं. तिला बाजूला काढलं. समोरच रस्त्यावर हत्तींच्या नक्षीच्या ढगळ विजारी लटकत होत्या, दोनशे बाटला एक. जांभळ्या रंगावर पांढरे हत्ती, सोंड वर केलेले. बँकेत साडी नेसून कॅशियरवर डाफरणारी बाई त्या विजारीत बघून आम्ही फाटकातच खाली बसून हसलो. पाच मिनिटं त्यातही गेली.

आत गेल्यावर मात्र मी गप्प झाले. याची सुरुवात १७८२ सालातली. पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने नदीच्या या काठावर राजधानी आणली तेव्हाचं. तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असंच म्हणतात, सध्याचे दहावे. पॅलेसच्या आवारातल्या देवळात पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती खरं तर हिरव्या जेड दगडाची, हातभरापेक्षा फार मोठी नाही, साधारण ६६ सेंटीमीटर, आणि इतक्या उंचावर बसवलीय की मान दुखते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ते राजा स्वतः बदलतो. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे तिथे आमची वीस मिनिटं वाचली.

बाहेर आलो तर तिघीच. यादीबाई गायब. आमच्यात सिमकार्ड एकीकडेच होतं आणि हॉटस्पॉट देणारी तीच हरवली होती. ठाण्यात हरवलो तर तलावपाळीला बोटिंगच्या तिकीट खिडकीपाशी भेटायचं, हे शाळेपासून ठरलेलं आहे. इथे असं काही ठरवलंच नव्हतं. शेवटी ऊन चुकवायला देवळाभोवतीच्या लांब ओवरीत शिरलो आणि तिथेच वाट बघत बसलो. चाळीस मिनिटं.

ती चाळीस मिनिटं हे आमच्या दिवसातलं सगळ्यात चांगलं बघणं. त्या ओवरीच्या भिंतीभर रामायण रंगवलंय, एकूण १७८ चित्रं, सोन्याचा वर्ख लावलेली. त्यांच्या रामायणाचं नाव रामकियन. रावण तिथे थोत्साकान, म्हणजे दशकंठ. हे कळल्यावर प्रत्येक नावाच्या आत आपलं नाव सापडायला लागलं. हनुमान पांढराशुभ्र. एका चित्रासमोर आम्ही खिळलो: डोंगराएवढा झालेला हनुमान, आ वासलेला, आणि त्याच्या तोंडात रामाचा आख्खा मंडप, छतासकट. मैयराब रामाला पळवून नेणार म्हणून त्याने मंडपच तोंडात धरून ठेवलाय. मैयराब म्हणजे आपला महिरावण! माझ्या आजीने ती गोष्ट सांगितली होती, पण तिच्या गोष्टीत तोंडात मंडप नव्हता. शेजारी थाई मुलांची सहल उभी होती आणि त्यांच्या बाई त्याच चित्राकडे बोट दाखवून तोंडाचा आ करून दाखवत होत्या. भाषा कळली नाही, गोष्ट सगळी कळली.

त्यांच्याकडे हनुमान ब्रह्मचारी नाही, बरं का. रावणाची मुलगी सोनेरी मत्स्यकन्या आहे, तिच्यापासून त्याला मुलगाही होतो. पोळीभाजीवाली दर शनिवारी मारुतीला तेल घालते. तिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "आपला मकरध्वज घामाच्या थेंबातून झाला तेच बरं." यादीबाई सापडली ती दारावरच्या राक्षसाच्या पुतळ्याशेजारी. ती तिथे आमची वाट बघत यादीतली ठिकाणं खोडत बसली होती. अकरातली पाच तिने एकटीनेच रद्द केली होती.

वाट फो पटकन सांगते. पॅलेसच्या दक्षिणेला चालत दहा-पंधरा मिनिटं. (वाट म्हणजे देऊळ. मूळ शब्द आवाराचा, आपला वाडा त्यातूनच आला. पण दुपारी अडीचच्या उन्हात आमच्याकडून व्हायची ती कोटी झालीच.) पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, देवळाच्या खांबांमधून तुकड्यातुकड्याने दिसतो, एकसंध फोटो येतच नाही, प्रयत्न करू नका. तळपायांवर शिंपल्यात कोरलेली १०८ शुभचिन्हं आहेत, ती नीट बघा. मूर्तीमागे १०८ काशाची भांडी आहेत, वाटीभर नाणी घेऊन एकेक टाकत जायचं. तो टणटण आवाज अजून कानात आहे. थाई मालिशचं माहेरघर हेच, आवारातच मालिशची शाळा आहे. बँकवाली अर्ध्या तासाच्या मालिशमध्ये घोरायला लागली आणि तिला उठवायला गेलेली यादीबाई शेजारच्या गादीवर आडवी झाली.

आता जेवण. मला त्या दिवशी संकष्टी होती. थायलंडमध्ये भाजीतही माशांचा सॉस असतो, त्यामुळे शाकाहारी मैत्रीण असेल तर पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षर शोधा. त्या जेवणाला 'जे' म्हणतात. मी शहाळं, पेरू आणि अननसावर होते आणि बाकीच्या तिघी माझ्यासमोर आंबा आणि चिकट भात खात होत्या, दोन-दोन बश्या.

ता तियन धक्क्यावरून होडीने पाचेक बाटमध्ये पलीकडे वाट अरुण. हे ते अर्धं. पोचायला सव्वापाच झाले, सहाला बंद. मधल्या मनोऱ्याच्या पायऱ्या इतक्या उभ्या की उतरताना कठडा दोरखंडासारखा धरून, पाठमोरं यावं लागतं. पोळीभाजीवालीचे गुडघे आणि माझं रिकामं पोट असा हिशेब करून आम्ही दोघी खालीच थांबलो. खालून बघायलाही पुष्कळ आहे: लांबून कोरीव वाटतं ते जवळून सगळे चिनी बश्यांचे तुकडे. फुलं, पाकळ्या, सगळं फुटक्या कपबश्यांचं. पोळीभाजीवालीने एका तुकड्यावर बोट ठेवलं, म्हणाली, "आमच्याकडे महिन्याला एवढ्या फुटतात."

इथे थांबायला हवं होतं. पण खरेदीशिवाय परत कसं जायचं म्हणून सहाच्या वाहतुकीत टॅक्सीने एमबीके मॉलकडे निघालो. पाऊण तासात टॅक्सी इतकी कमी सरकली की मागच्या दुकानाची पाटी अजून वाचता येत होती. तिथूनच वळलो. संध्याकाळी नदी किंवा स्कायट्रेन, रस्ता नाही. हे पाठ करा.

नऊला सामान घेऊन विमानतळाकडे. उंच एक्स्प्रेस वेवर कुठेतरी उजव्या हाताला चंद्र वर आला, मोठा, तांबूस. यादीबाईच्या फोनवर चंद्रोदय ठाण्याचा दाखवत होता आणि त्यावरून दोघींचा वाद सुरू झाला होता की उपास कुठल्या वेळेने सोडायचा. मी खिडकीतून हात जोडले आणि पर्समधला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं आणि स्टिअरिंगवरचे हात क्षणभर जोडून त्यानेही चंद्राला नमस्कार केला. का ते कळलं नाही.

सुवर्णभूमी विमानतळावर इमिग्रेशननंतर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. देव एकीकडून, असुर दुसरीकडून, मध्ये वासुकी. आम्ही चौघी त्याच्यासमोर पाय पसरून बसलो होतो, चपला काढून. दिवसातली पाचवी वेळ.

तर तुमच्या चौदामधली तीन ठेवा, चपला बकलाच्या नको, भेटायची जागा आधी ठरवा, आणि सिमकार्ड चौघींकडे असू द्या. विजार घरून नेलीत तर दोनशे बाट वाचतील, पण तसं करू नका. आमची बँकवाली ती जांभळी हत्तींची विजार घालून आजही ठाण्यातल्या उपवन तलावावर सकाळी फिरायला येते.