माप गाडीचे घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा शनिवारी तू पोत्यात गुंडाळून आणलेला तो क्रॅश गार्ड, म्हणजे मोटारसायकल पडली तर इंजिन वाचवणारा पुढचा पाइपचा सांगाडा, माझ्या टेबलावर ठेवलास आणि विचारलेस, "काका, दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर वाढवला आणि मधला आडवा पाइप जरा खाली घेतला, तर ही कॉपी राहत नाही ना?" मी तुझ्यावर खेकसलो आणि तू चहा न घेताच उठून गेलास. शिरोलीहून भोसरीपर्यंत एवढ्या लांब आलेल्या मुलाला उत्तर मिळण्याऐवजी बोलणी खावी लागली, याची चुटपुट मला तेव्हापासून लागून राहिली आहे. खेकसल्याबद्दल मी दिलगीर आहे. जे बोललो ते मात्र मागे घेत नाही.

तुझी अडचण मला कळत नाही असे समजू नकोस. बेंडिंग मशिनचा हप्ता दर महिन्याला उभा राहतो, दिल्लीचा व्यापारी ३०० नगांची ऑर्डर हातात घेऊन बसला आहे, आणि त्याला हवा आहे तो बेंगळुरूच्या एका लहान कारखान्याने रॉयल एनफिल्डच्या ४५० सीसीच्या हिमालयन मोटारसायकलसाठी बनवलेला, तुझ्या पोत्यातला हाच गार्ड, सेम टू सेम आणि निम्म्या भावात. तुझ्या वकिलाने शोध घेऊन सांगितले की त्या डिझाइनची नोंदणी झालेली नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे. वकिलाने त्याचे काम चोख केले आहे. २००० सालच्या डिझाइन कायद्यात नोंदणी केली तर १० वर्षांचे संरक्षण मिळते, ते पुढे ५ वर्षे वाढवता येते. नोंदणी नसेल तर संरक्षण नाही. कॉपीराइटचा आधार घ्यावा, तर नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाइनची वस्तू कारखान्यात ५० पेक्षा जास्त वेळा बनली की तोही हक्क संपतो. शिवाय माल एकदा बाजारात आला की डिझाइन नवे राहत नाही, त्यामुळे विक्री सुरू झाल्यावर जाग आलेल्या माणसाला मागाहून नोंदणीही करता येत नाही. आपल्यासारख्या शेडमध्ये काम करणारी बहुतेक माणसे नेमकी याच खड्ड्यात पडलेली असतात. आधी चार नग बनवून गिऱ्हाइकाला दाखवायचे, खपले तर पुढचे बघायचे, हीच आपली रीत असल्यामुळे कायद्याचे कुंपण आपल्यापाशी पोहोचेपर्यंत शेत उघडे पडलेले असते. बेंगळुरूचा तो माणूसही तसाच असणार. तेव्हा कायदा काय म्हणतो हा तुझा प्रश्नच नाही, आणि तो तुझा प्रश्न नाही हे तुलाही ठाऊक आहे. नाहीतर वकिलाकडून निघालेला मुलगा माझ्याकडे कशाला आला असता?

माझे म्हणणे एवढेच आहे की माप गाडीचे घे, दुसऱ्याच्या मालाचे घेऊ नकोस. गार्ड ज्या बोल्टवर बसतो ते बोल्ट, त्यांच्यातले अंतर, आट्यांची खोली, रेडिएटरची रुंदी, हँडल पूर्ण वळवल्यावर चाक कुठे येते, पुढचे सस्पेन्शन त्याच्या २०० मिलिमीटर प्रवासात पूर्ण दबले तर टायर कुठवर पोहोचतो, गिअर टाकताना बुटाला किती जागा लागते, हे सगळे गाडीचे आहे आणि ज्याच्यापुढे गाडी उभी आहे त्या प्रत्येकाचे आहे. त्यावर बेंगळुरूच्या माणसाचा हक्क नाही आणि तो सांगूही शकणार नाही. पण पाइप नेमका कुठे वाकवायचा, गसेट, म्हणजे सांध्याला बळकटी देणारा पत्र्याचा तुकडा, कोणत्या कोपऱ्यात द्यायचा, गार्डचे दोन भाग करून मध्ये क्लॅम्प का घालायचा, ही त्याने गाडीच्या प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. प्रश्न सर्वांचा असतो, उत्तर ज्याचे त्याचे असते. दहा मिलिमीटर वाढवून दुसऱ्याचे उत्तर आपले होत नाही. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघून एक आकडा बदलणाऱ्या पोराला आपण काय म्हणतो?

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता एवढे बोलण्याचा मला अधिकार नाही. १९९८ साली माझ्याकडे भाड्याची एक शेड, हाताने चालवायचे पाइप बेंडिंगचे यंत्र आणि एक वेल्डिंग सेट एवढेच भांडवल होते. सांगलीकडचा एक कारागीर ३५० सीसीच्या गाडीसाठी फार देखणा गार्ड बनवत असे. मी त्याचा एक नग दुकानातून विकत आणला, व्हर्निअर लावून मापे घेतली आणि आठवड्यात जिग, म्हणजे नग एकसारखे जोडायचा साचा, उभा केला. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते, पण मला सुधारणा करण्याची हौस आली. त्याचे खालचे ब्रॅकेट ४ मिलिमीटर पत्र्याचे होते. ते मला हलके वाटले, म्हणून मी ८ मिलिमीटरची पट्टी लावली आणि दुकानदारांना "त्याच्यापेक्षा दणकट, वर ६० रुपयांनी स्वस्त" असे सांगत फिरलो. माल हातोहात खपला. पावसाळ्यात एका दूधवाल्याची गाडी चिखलात आडवी झाली. वेग अगदी कमी होता, माणसाला खरचटलेसुद्धा नाही आणि माझा गार्ड जसाच्या तसा सरळ राहिला; फक्त तो ज्या बोल्टवर बसला होता त्या बोल्टचा इंजिनच्या केसिंगवरचा कान तडकला. गार्डने धक्का स्वतः खाल्ला नाही, तो इंजिनला दिला. दूधवाल्याला केसिंगचा जो खर्च आला त्यात माझे सात-आठ गार्ड आले असते.

त्यानंतर महिन्याभरात तो सांगलीचा कारागीर माझ्या शेडमध्ये आला. भांडायला आला असेल असे वाटून मी आधीच आवाज चढवून ठेवला होता. त्याने माझा एक नग हातात घेतला, उलटा केला आणि शांतपणे विचारले, "हे ब्रॅकेट जाड का केलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यानेच सांगितले की गाडी पडली तर आधी ब्रॅकेट वाकावे, म्हणून त्याने मुद्दाम पातळ पत्रा ठेवला होता, आणि किती पातळ ठेवायचा हे त्याला स्वतःची गाडी पुन्हा पुन्हा पाडून कळले होते. मी त्याच्या गार्डचे प्रत्येक माप घेतले होते आणि त्या मापामागचे कारण तेवढे माझ्याकडे आले नव्हते. पुढे दोन-तीन वर्षांत त्याने गार्ड बनवणे बंद केले. माझ्यामुळेच केले असे मी म्हणणार नाही, धंदा बंद व्हायला शंभर कारणे असतात. पण ते ६० रुपये त्या शंभरात होते, हे मी नाकारूही शकत नाही. त्याची क्षमा मी कधी मागितली नाही. आधी लाज वाटली आणि नंतर फार उशीर झाला.

मी त्या वेळी गाडी मोजली असती, तर तो बोल्ट ॲल्युमिनियमच्या बोटभर कानातून जातो हे माझ्या डोळ्यांना दिसले असते. दुसऱ्याचा माल मोजणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला दिसतो तो पाइप वाकवणाऱ्या डायमधून सुटून थोडा उलगडल्यानंतरचा आकार, वेल्डिंगने ओढला गेल्यानंतरचे अंतर आणि कदाचित वाहतुकीत आपटलेला एखादा कोपरा. तुझ्या पोत्यातला नग सरळ आहे की मार खाल्लेला आहे, हे तू कशावरून ठरवणार? एका नगाची चूक तू ३०० नगांत छापशील, आणि दिल्लीचा व्यापारी परत आलेला माल तुझ्याच दारात आणून टाकेल.

तू म्हणशील की सगळा धंदाच असा उभा राहिला आहे. खरे आहे, आणि ते मी तुला शिकवायला नको. इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आकुर्डीच्या बजाजने व्हेस्पा बनवली ती पियाजिओच्या परवान्यावर. परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, जिच्यात व्हेस्पाचा चेहरा कोणालाही ओळखता येत होता. पुढे याच बजाजने दोन स्पार्क प्लगच्या तंत्रावरून २००७ मध्ये टीव्हीएसशी पेटंटची लढाई सुरू केली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये तडजोडीने मिटली. दुसऱ्याच्या आकारावर हात बसवून मोठा झालेला कारखानासुद्धा, स्वतः शोधलेली गोष्ट हाती आली की ती राखायला धावतो. उद्या तुझा एखादा चांगला गार्ड कोणी पोत्यात घालून दिल्लीहून दुसऱ्या पोराकडे पाठवील, तेव्हा तुझ्या वकिलाचे हेच शब्द तुला कसे लागतील ते बघ.

आणि हो, तू जाता जाता पुटपुटलास ते मी ऐकले: "काका स्वतः कंपनीचे ब्रेक पेडल बनवतातच की." बनवतो, गेली २० वर्षे बनवतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मोडलेल्या पेडलच्या जागी बसणारे पेडल मूळ पेडलसारखेच असावे लागते. ते वेगळे बनवले तर पाय चुकेल. कंपनीने गाडी विकली तेव्हाच तिला तिचे मोल मिळाले, आणि गाडी ज्याची आहे त्याला ती दुरुस्त करून चालवण्याचा अधिकार आहे. इंग्लंडमध्ये ब्रिटिश लेलँडने आपल्या मॉरिस मरीना मोटारीच्या सायलेन्सरच्या पाइपवरून एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचले होते, तेव्हा १९८६ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हाच विचार करून सुटे भाग बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. गार्डचे तसे नाही. गार्ड हजार तऱ्हांनी बनवता येतो, आणि बेंगळुरूच्या माणसाकडे विकायला गाडी नाही, फक्त तो गार्डच आहे. ही रेघ मी स्वतःच्या सोयीने ओढली आहे असे तुला वाटत असेल, तर थोडी सोय तिच्यात आहे हे मी मान्य करतो. तरीही रेघ तिथेच आहे. आणि पेडलसुद्धा आता मी कंपनीच्या नगावरून करत नाही. पिव्होटची पिन आणि फूटरेस्टची उंची गाडीवर मोजतो, दुकानदार हसले तरी मोजतो.

आता कामाचे बोलू. व्यापाऱ्याला कळव की याच गाडीचा गार्ड देईन, पण तो माझा असेल, भाव निम्मा नसेल आणि पहिला नग तीन आठवड्यांनी मिळेल. तो कदाचित नाही म्हणेल. त्या हप्त्याची चिंता असेल तर माझ्याकडच्या स्टँडच्या पाइपांचे बेंडिंग दोन महिने तुझ्याकडे पाठवतो. दर बाजाराचाच देईन, उपकार म्हणून जास्त देणार नाही. माझ्या भाच्याकडे ४५० सीसीची हिमालयन आहे आणि तो ती तीन दिवस द्यायला तयार झाला आहे, टाकी भरून परत देण्याच्या अटीवर. गाडी ओळंब्यात उभी करून पुठ्ठ्याचे साचे कापू, ४ मिलिमीटरच्या तारेने पाइपची वाट काढू, मग पत्रा कुठे पातळ ठेवायचा त्यावर आपण दोघे भांडू. गार्ड तयार झाला की दुकानात जाण्याआधी डिझाइनचा अर्ज कोलकात्याच्या कार्यालयात गेलेला असला पाहिजे, आणि त्याची फी मी भरणार नाही, तू भरशील.

येत्या रविवारी सकाळी नऊपर्यंत ये. ते पोते घरीच ठेव, किंवा त्याहून बरे म्हणजे येण्याआधी दिल्लीला परत पाठव. या खेपेला चहा घेतल्याशिवाय उठायचे नाही.

तुझा,
काका