मेटा टॅगचा एसईओसाठी आता काही उपयोग राहिलाय का?

तुम्ही विचारलंय की वेबसाइट बनवणारा माणूस प्रत्येक पानासाठी कीवर्ड्सची लांबलचक यादी मागतोय, ती मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये) टाकली की साइट गूगलवर वर येईल, म्हणजेच एसईओ होईल, असं म्हणतोय, तर ते खरं आहे का.

कीवर्ड्सच्या बाबतीत अजिबात खरं नाही. मेटा कीवर्ड्स टॅग रँकिंगसाठी आम्ही वापरत नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर सांगून टाकलंय, तेव्हा गूगलमध्ये असलेले इंजिनिअर मॅट कट्स यांनी व्हिडिओ करून सांगितलं होतं. नव्वदच्या दशकात अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक वगैरे सर्च इंजिनं हा टॅग वाचायची, मग लोकांनी त्यात पानाशी काडीचा संबंध नसलेले शब्द कोंबायला सुरुवात केली आणि त्या टॅगची किंमतच गेली. तेव्हा ती यादी बनवण्यात एक मिनिटही घालवू नका.

पण म्हणून सगळे मेटा टॅग बाद झाले असं कोणी सांगत असेल तर तेही ऐकू नका, कारण एक टॅग असा आहे की तो चुकला तर तुमचं पान गूगलमधून चक्क गायब होतं. तो म्हणजे मेटा रोबोट्स. त्यात नोइंडेक्स (noindex) लिहिलेलं असलं की गूगल ते पान रिझल्टमध्ये दाखवतच नाही, मग मजकूर कितीही चांगला असू दे. माझ्या ओळखीत एकांची साइट नवीन डिझाइन करून लाइव्ह केली आणि पुढच्या काही आठवड्यांत गूगलवरून येणारी माणसं कमी कमी होत जवळजवळ बंदच झाली. सगळे जण 'मजकूर बदला, बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) वाढवा' याच चर्चेत. मी पानाचा सोर्स, म्हणजे कोड उघडला तर हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) वरच नोइंडेक्स, नोफॉलो (इथल्या लिंकमागे जाऊ नका)! साइट टेस्टिंगला असताना वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर बनवली त्या सॉफ्टवेअरच्या) रीडिंग सेटिंगमधला सर्च इंजिनांना अडवायचा चेकबॉक्स टिक केलेला, तो लाइव्ह करताना कोणी काढलाच नाही. तो काढला, सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या टूलमधून मुख्य पानांना इंडेक्सिंगची (गूगलच्या नोंदीत घेण्याची) रिक्वेस्ट टाकली आणि पानं हळूहळू परत यायला लागली. हे फार ठिकाणी होतं हो, आणि लोक महिनोन्महिने भलतीकडेच कारण शोधत बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

यात अजून एक मेख आहे. एखादं पान गूगलमध्ये यायला नको असेल म्हणून काही जण त्यावर नोइंडेक्स पण लावतात आणि रोबोट्स.टीएक्सटी (बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणारी साइटवरची फाइल) मध्ये ते ब्लॉक पण करतात. दोन्ही एकत्र केलं की उलटच होतं, गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) पानापर्यंत जाऊच शकत नाही, मग नोइंडेक्स वाचणार कुठून, आणि बाहेरून कोणी लिंक दिलेली असली तर नुसती यूआरएल रिझल्टमध्ये दिसू शकते. पान काढायचं असेल तर बॉटला आत येऊ द्या.

आता मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाचं थोडक्यात वर्णन देणारा टॅग. याने रँकिंग वाढत नाही, पण रिझल्टमध्ये टायटलखाली जे दोन ओळींचं दिसतं ते बऱ्याचदा इथून उचललं जातं आणि त्यावरच माणूस क्लिक करायचं की नाही ठरवतो. समजा पान सायकलची चेन साफ करण्याबद्दल आहे. 'सायकल चेन, चेन सफाई, बेस्ट चेन टिप्स' असं लिहिलंत तर कोण थांबणार? त्याऐवजी 'चेन कुरकुरतेय, गियर अडकतोय? चेन न काढता घरच्या घरी साफ कशी करायची आणि तेल नेमकं कुठे लावायचं' असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपलं काम इथे होणार. गूगल हेच दाखवेल याची गॅरंटी नाही, सर्चशी जुळणारं वाक्य पानातूनही उचलतं, तरी महत्त्वाच्या पानांसाठी वेगवेगळं लिहाच. सगळीकडे एकच पेस्ट केलेलं तर अगदीच वाया.

टायटल टॅग तांत्रिकदृष्ट्या मेटा टॅग नाही पण लोक त्यातच धरतात, आणि रँकिंगवर थेट परिणाम याच मंडळींपैकी कोणाचा होत असेल तर तो याचा. गूगल कधीकधी ते स्वतः बदलून दाखवतं, विशेषतः शब्द कोंबलेले असले तर, म्हणून साधं आणि पानाला धरून ठेवा. व्ह्यूपोर्ट टॅग मोबाइलवर पान नीट दिसण्यासाठी लागतोच. व्हॉट्सअॅप, फेसबुकवर लिंक टाकल्यावर फोटो आणि नाव येतं ते ओपन ग्राफ टॅगमुळे, त्याचा सर्चच्या रँकिंगशी संबंध नाही पण लावून घ्या.

तुम्ही आत्ता एवढं करा, साइटच्या एखाद्या महत्त्वाच्या पानावर राइट क्लिक करून व्ह्यू सोर्स उघडा आणि त्यात नोइंडेक्स शोधा, किंवा सर्च कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शनला ती लिंक टाका, पान इंडेक्समध्ये आहे की नाही ते तिथे स्पष्ट दिसतं. आणि त्या माणसाला सांगा की कीवर्ड्सची यादी राहू दे, त्या वेळात मुख्य पानांची टायटल आणि डिस्क्रिप्शन नीट लिहून दे.