दुबईला दीड तास, सिंगापूरला अडीच

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर, वय ४३. घर मनीषनगरला, पण निम्मा आठवडा साइटवर, कधी चंद्रपूरकडे, कधी समृद्धीच्या बाजूला. कंपनीचं दुबईत काम आहे, त्यामुळे तिकडे वरचेवर आणि अधूनमधून सिंगापूरला जाणं होतं. आता एकच पण चांगलं घड्याळ घ्यायचं आहे. साइटवर, विमानात, लग्नात तेच घालीन. साडेसहा लाखांपर्यंत तयारी आहे. दुकानदार म्हणतो, प्रवास आहे तर दोन देशांची वेळ दाखवणारं जीएमटीच घ्या. बायको म्हणते, एवढे पैसे घालताय तर थोडं सोनं दिसू द्या. ताई, तुमचं मत काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, वहिनींचं नंतर बघू, आधी दुकानदाराचं.

जीएमटी घड्याळात एक जास्तीचा काटा असतो. तो चोवीस तासांत एक फेरी मारतो आणि घरची वेळ धरून ठेवतो. नेहमीचा तासकाटा, चांगल्या घड्याळात, चावी ओढून एकेक तास मागेपुढे करता येतो. रोलेक्सने १९५० च्या दशकात पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांना डोळ्यांसमोर ठेवून हे घड्याळ काढलं. न्यूयॉर्क ते लंडन पाच तासांचा फरक, त्यामुळे त्यांचं काम चोख झालं. आपली भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली ठरली ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. हा अर्धा तासच सगळा घोळ घालतो.

तुमचंच उदाहरण घ्या. दुबई आपल्या दीड तास मागे. विमान उतरलं, तुम्ही तासकाटा एक घर मागे घेतला, तरी अर्धा तास उरतोच. मग मिनिटकाटा फिरवा. तो फिरवला की चोवीस तासांचा काटाही त्याच्याबरोबर सरकतो. आता दुबईत सकाळचे बरोबर दहा वाजलेत, नागपुरात साडेअकरा, आणि तुमचा महागडा काटा दाखवतोय अकरा. वरचे तीस मिनिटं तुम्हीच मनात मिळवायची! रोलेक्सच्याच घराण्यातल्या ट्यूडरच्या ब्लॅक बे जीएमटीची चोवीस तासांची बाहेरची रिंग ४८ टप्प्यांत फिरते, म्हणजे अर्ध्या तासाची सोय तिथे होते, हे मान्य. पण रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर रिंग एक टप्पा कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवत बसायचं? दुबईला दीड, सिंगापूरला अडीच, उन्हाळ्यात जर्मनीला गेलात तर साडेतीन. ज्यांनी शाळेत दिडकी, अडीचकी, औटकी घोकली त्यांच्या पिढीला यासाठी चौथा काटा कशाला लागतो?

आणि एक फुकटची गंमत. भारतीय वेळ लावलेलं साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. जी वेळ दिसेल ती ग्रीनिचची. दुपारी दोन वाजता करून बघा, साडेआठ दिसतील. तासकाटा किंचित मागे राहिल्यासारखा वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका. लंडनला उन्हाळी वेळ चालू असेल तेव्हा एक तास मिळवा. आकडे छापलेली तबकडी असेल तर जरा डोकं लावावं लागतं, एवढंच.

तर साधं तीन काट्यांचं, स्टीलचं, स्टीलच्याच चेनचं घड्याळ घ्या. चामडी पट्ट्याचा विचारही नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पट्टा घाम पितो, काळा पडतो, आणि मग बैठकीत हात टेबलाखाली ठेवावा लागतो. माझ्या टेबलावर दर जूनमध्ये असे पट्टे येतात. चेनमध्येही एक गोष्ट बघून घ्या : क्लॅस्पमध्ये, म्हणजे चेनच्या खटक्यात, कडी न काढता चेन थोडी सैल-घट्ट करता येते का? आपल्याकडे उन्हात मनगट फुगतं आणि एसीत बसलं की उतरतं. सकाळी बरोबर बसलेलं घड्याळ साइटवर दुपारी रुततं. दुकानात एसीत घालून बघितलेल्या घड्याळावर म्हणूनच माझा भरवसा नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाणारच असाल तर भर दुपारी पायी फिरा आणि मग घालून बघा.

पाण्याचं म्हणाल तर १०० मीटर लिहिलेलं आणि चावी पेचाने बसणारं घ्या. पोहायला, पावसाला तेवढं पुरतं. पाणी शिरतं ते बहुतेक रबराच्या वॉशरमधून किंवा उघड्या राहिलेल्या चावीतून. उन्हात तापलेल्या गाडीत घड्याळ ठेवायचं आणि तेच घालून थेट हॉटेलच्या थंड पूलमध्ये उडी मारायची, हे मात्र करू नका. आत वाफ धरते, आणि मग माणूस माझ्याकडे येऊन कंपनीला शिव्या देतो. काच सफायरचीच हवी. वाळूच्या कणाने साध्या काचेवर ओरखडा येतो, सफायरवर येत नाही. पण ती कडक असली तरी फरशीवर आपटली तर फुटते.

आता नावं. किमती सारख्या बदलतात म्हणून लिहीत नाही, दुकानात विचारा.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती ट्यूडर रेंजर, ३९ मिलिमीटरचं. १०० मीटर, अचूकतेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र, काढून ठेवलं तरी ७० तास चालतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढलं तर सोमवारी सकाळी चालूच. क्लॅस्पमध्ये पाच टप्प्यांत आठ मिलिमीटरपर्यंत चेन सरकते. वर सांगितलेलं मनगटाचं दुखणं तिथेच मिटतं. तारीख नाही. तारीख नसलेलं घड्याळ आपल्या माणसाला अर्धवट वाटतं, पण तारीख खिशातल्या फोनवर असते, आणि बंद पडलेलं घड्याळ पुन्हा लावताना सकाळ की संध्याकाळ हा प्रश्न उरत नाही.

रोलेक्स एक्सप्लोरर ३६ त्याच घराण्यातलं. १९५३ पासूनचं नाव, २०२१ साली पुन्हा ३६ मिलिमीटरवर आलं. कफखाली गुपचूप बसतं, आणि मला विचाराल तर रोलेक्समधलं सगळ्यात शहाणं घड्याळ. रांगेत थांबायची तयारी असेल तर घ्या. ते पटकन देतो म्हणून वरचे पैसे मागणाऱ्याकडून नको.

तारीख हवीच असेल आणि लग्नात जरा चमक हवी असेल तर ओमेगा अ‍ॅक्वा टेरा, ३८ चं. १५० मीटर, आणि १५,००० गॉसपर्यंत (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) चुंबकाला दाद देत नाही. तुमचं बजेट तिथे थोडं ताणलं जाईल. त्याच्या ४१ च्या मॉडेलमध्ये तासकाटा स्वतंत्रपणे उडवायची सोय आहे. ती आपल्याला का निरुपयोगी हे वर आलंच. आणि चावी, सर्व्हिसिंग या कशातच पडायचं नसेल तर ग्रँड सीकोचं ९एफ मशीनचं क्वार्ट्ज, म्हणजे बॅटरीवर चालणारं. वर्षाला दहा सेकंदांच्या आत मागेपुढे. यांत्रिक घड्याळाचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांचं असतं, त्याच्याशी ताडून बघा. क्वार्ट्ज म्हटलं की लोक नाक मुरडतात, मुरडू द्या.

वहिनींच्या सोन्याबद्दल : साइटवर नको. सोनं मऊ, कडांना लगेच पोचे पडतात. लग्नात अंगठी आहेच की.

घेताना दोन लाखांच्या वर पॅन लागतो आणि रोख चालत नाही. दुबईत स्वस्त मिळतं म्हणून घेणार असाल तर परतताना ते जाहीर करून शुल्क भरा, आणि ते धरून हिशेब करा. इथे घेतलेलं घड्याळ घालून बाहेर जाताना कस्टम्सकडे नोंद करून घेतली तर येताना वाद होत नाही. आणि दुकानदाराला सर्व्हिसिंगला घड्याळ कोणत्या गावी जाईल, किती महिन्यांनी येईल, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : माझं ऑटोमॅटिक घड्याळ तीन वर्षं चांगलं होतं. नवा टॅब घेतल्यापासून रोज चार-पाच मिनिटं पुढे पळतं. मशीन गेलं का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : मशीन बहुधा ठणठणीत आहे, घड्याळाला चुंबक लागलंय. टॅबच्या कव्हरमध्ये चुंबक असतं, रात्री घड्याळ त्यावर ठेवत असाल. केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि घड्याळ धावायला लागतं. साधं होकायंत्र जवळ नेऊन बघा, सुई घड्याळाबरोबर हलली तर शंका नको. चुंबक काढायचं यंत्र कुठल्याही बऱ्या दुरुस्तीवाल्याकडे असतं, मिनिटभराचं काम. यंत्र न लावताच आधी पूर्ण ओव्हरहॉलिंगचा खर्च कोणी सांगितला तर घड्याळ उचला आणि शेजारच्या दुकानात जा.