घरच्या रॅकसाठी शांत आणि कमी वीज खाणारा सर्व्हर: कोणते पार्ट घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की फोटो-व्हिडिओ साठवायला आणि घरात स्ट्रीमिंगला १यू केस (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) चालेल का. माझं स्पष्ट मत: ४यू घ्या. १यूची उंची जेमतेम ४४ मिमी, त्यात ४० मिमीचेच पंखे बसतात आणि पुरेशी हवा ढकलायला ते हजारो आरपीएमने (मिनिटाला फेऱ्या) किंचाळतात. ४यूमध्ये १२० मिमीचे पंखे ७००-८०० आरपीएमवर निवांत फिरतात. फक्त प्रोसेसरच्या कूलरची उंची केसशी ताडून बघा, काही उंच टॉवर कूलर ४यूतही मावत नाहीत.

प्रोसेसर इंटेल आय३-१२१०० पुरेसा आहे. व्हिडिओ ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ बघणाऱ्या उपकरणाला चालेल अशा फॉरमॅटमध्ये बदलणं) त्यातल्या ग्राफिक्सचा क्विक सिंक हा भाग सांभाळतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. '१२१००एफ' मात्र चुकूनही घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतं. १२१००च्या ६० वॅटच्या आकड्याला घाबरू नका. घरचा सर्व्हर बहुतेक वेळ रिकामाच बसतो, म्हणून आयडल वॅट, म्हणजे रिकामं असतानाचा वीजवापर, बघा. सतत जळणारे १० वॅट म्हणजे वर्षाला जवळपास ८८ युनिट.

इथे बहुतेकजण पॉवर सप्लायवर चुकतात. ३० वॅटच्या लोडला ७५० वॅटचा सप्लाय म्हणजे ४ टक्के लोड, आणि ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची चाचणी २० टक्क्यांपासून सुरू होते, त्याखाली किती वीज वाया जाते याची हमी नाही. ३००-४०० वॅटचा चांगला सप्लाय घ्या. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरताना साधारण ४-५ वॅट घेते. त्यामुळे चार छोट्यांपेक्षा दोन मोठ्या घेऊन मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवा. डिस्कखाली रबरी वॉशर जरूर लावा, रात्रीची घरघर बरीचशी तिथूनच येते.